मर्यादित आवृत्तीचा लेगो सेट: लाँचला घ्यावा, सीलबंद शोधावा, वापरलेला घ्यावा की सुट्या तुकड्यांतून जमवावा?

मर्यादित आवृत्तीचा एखादा सेट मनात भरला की ऑनलाइन चार वाटा दिसतात. लाँचच्या दिवशी कंपनीच्या साइटवरून घ्यायचा, बंद झाल्यावर पुनर्विक्रीतून सीलबंद खोका घ्यायचा, कुणाचा तरी वापरलेला सेट घ्यायचा, किंवा यादी काढून एकेक तुकडा जमवायचा. किमती पाहण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: तुम्हाला न फोडलेला खोका हवाय की बांधून फळीवर ठेवायचं मॉडेल? खोका हवा असेल तर पहिल्या दोनच वाटा उरतात. मॉडेल हवं असेल तर चारही खुल्या आहेत, आणि आमच्या मते शेवटच्या दोन वाटांकडे लोक विनाकारण पाठ फिरवतात.

टंचाई कोणत्या प्रकारची आहे?

काही सेट खरोखर मोजूनच काढलेले असतात. २०१३ मध्ये मिनिफिगरच्या (लेगोच्या छोट्या माणूस-बाहुल्यांच्या) दहाव्या मालिकेत आलेले मिस्टर गोल्ड जगभरात फक्त ५,००० निघाले. ब्रिकलिंक ही लेगोचे सेट आणि सुटे तुकडे विकणाऱ्या अनेक दुकानांची साइट; तिच्या डिझायनर प्रोग्रॅमच्या, म्हणजे चाहत्यांनी रचलेल्या सेटच्या योजनेच्या, २०२१ मधल्या पहिल्या फेरीत प्रत्येक डिझाइनला १०,००० प्रतींची मर्यादा होती. पुढच्या फेऱ्यांत ती वाढवली गेली. इथे थांबून काहीच मिळत नाही. हवा असेल तर त्याच दिवशी घ्या.

काही सेट मुदतीपुरते असतात. ठरावीक रकमेच्या खरेदीवर मिळणारे भेट-सेट या गटातले; साठा संपला की विषय संपला.

तिसरा गट सगळ्यात मोठा आणि सगळ्यात फसवा. हे सेट फक्त कंपनीच्या दुकानात मिळतात, पण कारखान्यात सतत बनत असतात. ७,५४१ तुकड्यांचा मिलेनियम फाल्कन, क्रमांक ७५१९२, २०१७ मध्ये आला तेव्हा मिळेनासा झाला होता आणि पुनर्विक्रीत चढ्या दराने जात होता. नंतर तोच सेट कित्येक वर्षं छापील किमतीत विक्रीला होता. पहिल्या महिन्यात जास्तीचे पैसे मोजलेल्यांना त्या पैशांत फक्त घाई मिळाली. म्हणून साइटवर ‘तात्पुरता साठा नाही’ असं लिहिलंय की ‘उत्पादन बंद’, हे नीट वाचा. पहिलं असेल तर शांत बसा.

लाँचच्या दिवशीची खरेदी

छापील किंमत, कोरा माल, तुकडा कमी निघाला तर कंपनीकडून भरपाई, आणि अनेकदा सोबत भेट-सेट. जोखीम सगळ्यात कमी इथेच. अडचण असते ती पहिल्या काही मिनिटांची.

आदल्या दिवशी खातं उघडा, पत्ता आणि पैसे भरण्याची सोय जतन करा, कार्डाची मर्यादा तपासा. लाँचची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे ते पाहून आपल्या वेळेत लिहून ठेवा. रांगेचं पान दिसलं की ते पुन्हा लोड करू नका, कारण बऱ्याच साइटवर तसं केल्यास नंबर मागे जातो. कार्टमध्ये सेट दिसतोय म्हणजे तो तुमचा झाला असं धरू नका. पैसे भरून ऑर्डर क्रमांक येईपर्यंत साठा राखून ठेवलेला नसतो, त्यामुळे आणखी काही शोधण्यात वेळ घालवू नका.

डिझायनर प्रोग्रॅमच्या सेटचं गणित वेगळं आहे. तिथे पैसे आधी भरायचे आणि खोका अनेक महिन्यांनी हातात येतो. हे सेट आधीपासून उत्पादनात असलेल्या तुकड्यांतूनच बनवलेले असतात आणि त्यांत स्टिकर नसतात. याचा फायदा पुढे सुट्या तुकड्यांच्या वाटेवर दिसेल.

भेट-सेटच्या मोहाबद्दल एवढंच सांगतो: तो एरवी विकत घेतला असता तरच त्याची किंमत हिशेबात धरा. नाहीतर इतर दुकानांमध्येही मिळणारा सेट काही महिन्यांनी सवलतीत घेणं स्वस्त पडतं. फक्त कंपनीच्या दुकानात मिळणाऱ्या सेटवर मात्र सुरुवातीला सवलत क्वचितच येते.

बंद झाल्यावर सीलबंद खोका

ही वाट सगळ्यात महाग, आणि इथे पैसे मुख्यतः खोक्याचे असतात. संग्रहात न फोडलेला खोकाच ठेवायचा असेल तर हा खर्च रास्त आहे. घरी आणून लगेच फोडणार असाल तर मात्र ज्याचे पैसे दिले तेच तुम्ही कापून काढताय.

किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे बाजूला ठेवा. ब्रिकलिंकच्या प्राइस गाइडमध्ये दोन वेगळे रकाने असतात: गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकले गेलेले नग आणि सध्या विक्रीला असलेले नग. पहिला रकाना खरा. तिथेही सरासरीसोबत किती नग विकले गेले ते पाहा, कारण दोन-तीन विक्रींवरून निघालेल्या सरासरीला अर्थ नसतो.

विक्रेत्याकडे खोक्याच्या सहाही बाजूंचे आणि प्रत्येक सीलचे जवळून काढलेले फोटो मागा. कारखान्याच्या सीलखाली दुसऱ्या चिकटपट्टीची कड, सीलभोवती उखडलेला कागद किंवा फुगलेली झडप दिसली तर नकार द्या. वजनही विचारा, ब्रिकलिंकवर बहुतेक सेटचं वजन नोंदलेलं असतं आणि मोठी तफावत लगेच लक्षात येते. पाठवताना बाहेरून दुसरा खोका आणि मधे भराव हवा, हे ऑर्डरपूर्वी लेखी ठरवा. साइटबाहेर पैसे पाठवू नका. पार्सल उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा, कारण तक्रार झाली तर तोच पुरावा असतो.

सीलबंद म्हणजे आत सगळं ठणठणीत, असंही नाही. जुन्या सेटमधले स्टिकर वाळून कडेने सुटतात, रबरबँड तडकतात, आणि सुटं ठेवलेलं स्टिकरचं पान दुमडलेलं निघतं. रेडिश ब्राउन, डार्क रेड आणि डार्क ब्राउन या रंगांचे काही वर्षांतले तुकडे ठिसूळ असतात. बांधताना किंवा सोडवताना ते कटकन तुटतात, आणि खोका न फोडल्याने हा दोष टळत नाही. बंद होऊन बरीच वर्षं झालेल्या सेटच्या तुकड्यांची भरपाई कंपनीकडून मिळेलच असं नाही.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या दोन हजारांहून अधिक न फोडलेल्या सेटच्या किमती तपासल्या. वार्षिक परतावा सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास निघाला, पण वेगवेगळ्या सेटमधला फरक प्रचंड होता आणि काही सेट चक्क तोट्यात गेले. दुसरी गोष्ट पुनरागमनाची. २००८ चा ताजमहाल, क्रमांक १०१८९, बंद झाल्यावर फार महागला. २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तसाच सेट १०२५६ या क्रमांकाने पुन्हा आणला. जगप्रसिद्ध वास्तू किंवा यानांच्या सेटवर ही टांगती तलवार कायम असते.

वापरलेला, पण पूर्ण

बांधायचंच असेल तर सुरुवात इथून करा. जुन्या सेटची सूचनापुस्तिका हरवलेली असली तरी घाबरू नका. बहुतेक सेटच्या पुस्तिका कंपनीच्या साइटवर मोफत मिळतात.

लिस्टिंगमध्ये ‘९९ टक्के पूर्ण’ दिसलं की थांबा. २,००० तुकड्यांच्या सेटमध्ये एक टक्का म्हणजे २० तुकडे. ते साध्या काळ्या पिना असतील तर प्रश्न नाही, पण सेटमधल्या एकमेव मिनिफिगरचं छापील धड त्यात असेल तर तुमची अर्धी बचत तिथेच गेली. हरवलेल्या तुकड्यांची क्रमांकासह यादी मागा. यादी देता येत नसेल तर विक्रेत्याने तुकडे मोजलेलेच नाहीत, असं समजा.

फोटोंमध्ये पांढरे आणि राखाडी तुकडे पुस्तिकेच्या पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून दाखवायला सांगा, म्हणजे उन्हाने आलेला पिवळेपणा लपत नाही. मिनिफिगरच्या धडाला काखेजवळ बारीक चीर पडते, ती फक्त जवळच्या फोटोत दिसते. घरात धूम्रपान होतं का, तेही विचारा, कारण तो वास सहज जात नाही. मॉडेल बांधलेल्या स्थितीत पाठवू देऊ नका. मोठे भाग वेगळे करून प्रत्येक भाग झिप पिशवीत ठेवायला सांगा.

माल आल्यावर ४० अंश सेल्सियसहून कमी तापमानाच्या पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुवा. स्टिकर लावलेले, मोटर किंवा तारा असलेले आणि चकचकीत क्रोमचे तुकडे पाण्यात घालू नका. सावलीत पसरून वाळवा.

मिस्टर गोल्ड किंवा सॅन डिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात वाटलेल्या मिनिफिगरच्या बाबतीत नकली मालाची जोखीम सगळ्यात जास्त, कारण वस्तू छोटी आणि किंमत मोठी. प्रत्येक खुंटीवर (तुकड्यावरच्या गोल उंचवट्यावर) कंपनीचं नाव आहे का, छपाईच्या कडा स्वच्छ आहेत का, मानेची आणि पायांच्या आतली साच्याची खूण बरोबर आहे का, हे भिंगाखाली पाहा. मूळ पाकिटाशिवाय मोठी रक्कम देऊ नका.

सुट्या तुकड्यांतून जमवणं

वेळखाऊ, पण हाताशी धीर असेल तर सगळ्यात समाधान देणारी वाट हीच. ब्रिकलिंकवर सेटचा क्रमांक टाकून तुकड्यांची पूर्ण यादी वॉन्टेड लिस्टमध्ये (तिथल्या ‘हवे आहेत’ यादीत) घ्या. लगेच खरेदी करू नका. यादी सरासरी किमतीनुसार लावा आणि वरचे २० लॉट (एकाच रंगाच्या एकाच तुकड्याचे गट) पाहा, कारण बहुतेक सेटचा खर्च तिथेच साठलेला असतो. २००८ च्या ग्रीन ग्रोसरमध्ये, क्रमांक १०१८५, सँड ग्रीन रंगाच्या विटाच बजेट खातात. हे वरचे लॉट परवडत नसतील तर उरलेलं जमवण्यात अर्थ नाही.

मग तडजोडीच्या जागा शोधा. बाहेरून न दिसणाऱ्या तुकड्यांना कोणताही रंग चालेल, असं यादीत नोंदवा; मजल्यांच्या आतल्या विटांमध्ये यामुळे बरीच बचत होते. दिसणाऱ्या रंगांत मात्र तडजोड नको. २००४ मध्ये कंपनीने राखाडीच्या दोन्ही छटा आणि तपकिरी बदलली. जुनी लाइट ग्रे आणि नंतरची लाइट ब्लूइश ग्रे एका भिंतीत आली तर पट्टे पडतात. ब्रिकलिंकची रंगनावं कंपनीच्या नावांपेक्षा वेगळी असतात, म्हणजे कंपनीचा डार्क स्टोन ग्रे तिथे डार्क ब्लूइश ग्रे. रंगांचे क्रमांकही दोन्हीकडे वेगळे असतात. म्हणून नुसत्या नावावर किंवा क्रमांकावर विसंबू नका, कंपनीचा रंग तिथे कोणता ते आधी जुळवून पाहा.

प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दुकानातून घेणं स्वस्त दिसतं, पण प्रत्येक दुकानाची किमान ऑर्डर, हाताळणी शुल्क आणि टपालखर्च वेगळा असतो. दहा दुकानांतून सगळ्यात स्वस्त तुकडे घेण्यापेक्षा तीन-चार दुकानांतून किंचित महाग घेतले तर एकूण बिल बहुधा कमी येतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक पार्सलला आयात शुल्क लागू शकतं, तेही आधी मिळवा. सगळ्यात दुर्मीळ लॉट पहिल्या ऑर्डरमध्ये घ्या; ते हाती आले की मगच साधे तुकडे. उलट केलंत तर ९० टक्के सेट जमतो आणि शेवटच्या दोन तुकड्यांसाठी विक्रेता सांगेल ती किंमत मोजावी लागते.

स्टिकर असलेले सेट इथे अडतात, कारण मूळ स्टिकरचं पान स्वतंत्रपणे महाग मिळतं. डिझायनर प्रोग्रॅमच्या सेटमध्ये स्टिकरच नसल्याने ही अडचण येत नाही. सूचना हाती असतील तर ते जमवणं सोपं जातं.

वापरलेला सेट आणि सुटे तुकडे या दोन वाटा जोडता येतात आणि आम्ही तेच सुचवू. मिनिफिगर काढून विकलेला वापरलेला सेट खूप स्वस्तात मिळतो, कारण संग्राहक आधी मिनिफिगरच उचलतात. तो घ्या, पुस्तिकेतल्या पायऱ्यांप्रमाणे बांधत जा, कमी पडेल त्याचा क्रमांक लिहा, आणि शेवटी एकाच फेरीत तुकडे मागवा. ठिसूळ रंगांचे दोन-चार तुकडे जास्तीचे मागवा. मिनिफिगर हव्याच असतील तर त्या सगळ्यात शेवटी घ्या, कारण त्यांच्याशिवायही मॉडेल उभं राहतं.