वाकडला भाड्याने राहावं की पुनावळ्यात फ्लॅट घ्यावा?

नोकरी पुण्याच्या हिंजवडीत, घर जवळच वाकडला भाड्याचं, आणि अकरा महिने भरत आले की घरमालकाचा फोन: "आजूबाजूला भाडी वाढलीत, बघा काय ते." मग घरात विषय निघतोच, एवढं भाडं भरण्यापेक्षा हप्ता का भरू नये? चिडून बुकिंग करण्याआधी दोन्ही बाजू कागदावर मांडा.

उदाहरणाला 75 लाखांचा, बांधकाम चालू असलेला टू बीएचके घेऊ. बँकेने 80 टक्के दिले तर कर्ज 60 लाख. उरलेले 15 लाख तुमचे. शिवाय मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे सव्वापाच लाख, नोंदणी 30 हजार आणि 5 टक्के जीएसटीचे पावणेचार लाख. पदरचे 24 लाख गेले, अजून फर्निचर नाही. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी हप्ता बसतो साधारण 52 हजार. पहिल्या वर्षी भरलेल्या सव्वासहा लाखांतले पाच लाख व्याजातच जातात. भाडं वाया जातं असं म्हणताना हे पाच लाखही मोजले पाहिजेत.

तसाच फ्लॅट 28 हजार भाड्याने मिळतो असं धरा. दरवर्षी 5 टक्के वाढ झाली, तर भाडं हप्त्याएवढं व्हायला चौदावं वर्ष उजाडतं. वाढ 10 टक्के असेल तर आठव्या वर्षीच ते हप्त्याच्या पुढे जातं. हप्ता व्याजदराप्रमाणे थोडा हलेल, पण भाड्यासारखा चढत जाणार नाही. भाडेकरूचं खरं नुकसान होतं ते घर बदलताना: नव्या दराने भाडं, नवी अनामत, एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि मुलांच्या स्कूलबसचा मार्ग पुन्हा शोधणं.

पाच-सहा वर्षांत शहर किंवा नोकरी बदलण्याची शक्यता असेल, तर माझ्या मते सरळ भाड्याने राहा. दहा वर्षं इथेच काढायची असतील आणि ते 24 लाख उसनवारी न करता उभे राहत असतील, तर घर घ्या. पण बांधकाम चालू असलेलं घेण्याआधी थांबा. ताबा लांबला की भाडंही चालू आणि बँकेचं व्याजही, आणि यात पगारदार माणूस पार पिळून निघतो. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही, म्हणजे पावणेचार लाख तिथेच वाचले. दर थोडा जास्त असला तरी मी तयार घरच बघेन. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोच्या नावावर वाढवलेला दर देण्याआधी स्टेशनपासून सोसायटीच्या गेटपर्यंत एकदा चालून बघा.

आणि पाणी! पुनावळे असो, वाघोली असो की उंड्री, सॅम्पल फ्लॅट बघून परत फिरू नका. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, मे महिन्यात रोज किती टँकर येतात. तिथल्या एखाद्या रहिवाशाकडून मेंटेनन्सचं बिल मागून घ्या आणि टँकरचा खर्च बघा. हा खर्च ब्रोशरमध्ये नसतो, पण हप्ता फिटल्यावरही तो चालूच राहतो.

बुकिंग केलंच, तर नोंदणीकृत कराराआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याने बिल्डरला त्याहून जास्त मागताच येत नाही. महारेराच्या (या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे, तेही पाहा.

भाड्याने राहायचं ठरलं, तर अकरा महिन्यांवरच अडू नका. लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाड्याचा करार, 60 महिन्यांपर्यंत करता येतो. घरमालकाकडे 36 महिन्यांचा, दरवर्षी 5 टक्के वाढ आधीच लिहिलेला करार मागा. वेळेवर भाडं देणारं कुटुंब टिकावं असं अनेक मालकांनाही वाटतं. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, आणि मधेच घर सोडावं लागलं तर किती महिन्यांची नोटीस, हे सही करण्याआधी वाचून घ्या.