धमन्यांची तपासणी दोन ठिकाणी केली, उंची मोजली एकाच ठिकाणी

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना (वय ७१, पोलिस खात्यातून रिटायर), मागच्या पावसाळ्यापासून चालताना त्रास व्हायला लागला. सकाळी गोदापार्कला जातात, आधी दोन फेऱ्या सहज व्हायच्या, आता अर्ध्यातच पोटऱ्या भरून येतात आणि मग ते कठड्यावर दोन्ही हात टेकून, पुढे वाकून उभे राहतात. घरी कधी बोलले नाहीत. एक दिवस मी सोबत गेलो तेव्हा लक्षात आलं. बारा वर्षं बीपीची गोळी चालू, नोकरीत असेपर्यंत सिगरेट होती, त्यामुळे आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले पायाच्या धमन्या तपासून घ्या, कडकपणा पण बघून घ्या.

मग नाशिकातच एका मोठ्या सेंटरला पॅकेज बुक केलं. नाव लिहीत नाही, दुसऱ्याचंही लिहिणार नाही, कारण मला कुणाची बदनामी किंवा जाहिरात करायची नाहीये, ही तपासणी करून घेताना काय बघायचं ते सांगायचंय.

तपासणी एकदम सोपी आहे, दुखत काहीच नाही. उताणं झोपवतात, दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना बीपीचे पट्टे बांधतात, मनगटाला ईसीजीच्या क्लिपा, छातीवर एक छोटा माइक. चारही पट्टे एकदम फुगतात. त्यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर. हा आकडा १ ते १.४ असला की ठीक, ०.९ किंवा कमी आला तर पायाच्या धमनीत अडथळा धरतात, आणि १.४ च्या वर गेला तर धमनी इतकी कडक झालीय की पट्ट्याने नीट दाबलीच जात नाही, हे शुगरवाल्यांमध्ये जास्त दिसतं. दुसरं म्हणजे नाडीची लाट धमनीतून किती वेगाने पळते. धमनी लवचिक असली की लाट सावकाश जाते, कडक झाली की जोरात.

आता पहिल्या सेंटरचं. लिफ्ट बंद, अण्णा दोन जिने चढून आले, आले तसे त्यांना आत घेतलं आणि दोन मिनिटांत पट्टे फुगवायला सुरुवात. एसी इतका की अण्णांच्या अंगावर काटा आलेला मला दिसत होता. मुलगी वागायला चांगली होती, तिची तक्रार नाही, पण तिने स्क्रीनकडे बघतच विचारलं, "काका, हाइट किती?" अण्णा झोपल्या झोपल्या म्हणाले "एकशे सत्तर", तिने टाकलं १७०, झालं. उंची मोजायचा स्टँड त्याच खोलीत कोपऱ्यात होता, त्याच्यावर कुणाचातरी अॅप्रन लटकत होता.

संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट. घोट्याचे आकडे १.०४ आणि १.०१, म्हणजे पायाला रक्त व्यवस्थित जातंय. पण लाटेचा वेग १८३५, लाल रंगात. जपानी मार्गदर्शक सूचनांमध्ये सेकंदाला १८०० सेंटीमीटरच्या वर जास्त धोका धरतात, त्याच्या ३५ वर. समजावून सांगायला कोणीही नाही, फोन केला तर "तुमच्या डॉक्टरांना दाखवा". आई त्या रात्री झोपली नाही.

आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं की परत एकदा दुसरीकडे करून बघा. हे सेंटर लहान, जुन्या इमारतीत, पार्किंगची बोंब, पण तळमजल्यावर. तिथले टेक्निशियन वयाने साठीच्या आसपास. त्यांनी आधी अण्णांना चपला काढायला लावून भिंतीला उभं केलं, टाचा, पाठ टेकवली, मान समोर, आणि वरची पट्टी डोक्यावर आणून टेकवली. १६५.५. अण्णा म्हणाले, "तुमची पट्टी चुकतीय साहेब." ते न चिडता परत मोजून म्हणाले, "काका, एकशे साडेपासष्टच आहे. शेवटची कधी मोजली होती?" शेवटची मोजली होती भरतीला, १९७६ साली, तेव्हा अनवाणी उभं करून १७० लिहिलेली. तोच आकडा अण्णा जवळजवळ पन्नास वर्षं सगळीकडे सांगत आलेत. साडेचार सेंटीमीटर कुठे गेले ते घरात कुणालाच कळलं नव्हतं, मलाही नाही, आणि मी रोज त्यांच्यासोबत जेवायला बसतो.

मग त्या टेक्निशियन काकांनी जे सांगितलं ते मला आधी माहीतच नव्हतं. ही मशीन लाटेला लागलेला वेळ तेवढा मोजते. लाट किती अंतर गेली हे ती मोजत नाही, तुम्ही टाकलेल्या उंचीवरून फॉर्म्युल्याने काढते. उंची जास्त टाकली की अंतर जास्त आणि वेग पण जास्त. त्यांनी जुना रिपोर्ट घेऊन कॅल्क्युलेटरवर हिशोब करून दाखवला, तीच वेळ ठेवून १६५.५ टाकलं तर १८३५ चे १७९२ होतात. फरक अडीच टक्क्यांच्या आतलाच आहे, आणि एवढ्याने धमनी काही मऊ होत नाही हे त्यांनीच सांगितलं, पण लाल आणि लाल नाही यातला फरक तेवढाच होता. मग दहा मिनिटं पांघरूण घालून शांत पडायला लावलं, चहा घेतलाय का विचारलं, आणि तपासणी केली तेव्हा १७४८ आला. आराम केल्यामुळे बीपी पण खाली होतं, त्याचाही परिणाम. तरी कडकपणा आहेच, बीपीचं औषध बदललंय.

पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. रिपोर्टवर त्यांनी पेनने लिहिलं होतं "उंची ४.५ सें.मी. कमी, मणके बघावेत". डॉक्टरांनी ते वाचलं आणि अण्णांना एकच प्रश्न विचारला, थांबल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटतं की वाकावं, बसावं लागतं? धमनीचं दुखणं असेल तर उभ्या उभ्या थांबतं, कण्यातली वाट अरुंद झाली असेल तर वाकल्याशिवाय सुटत नाही. मला तो कठडा आठवला. एक्सरेत पाठीचा एक मणका पुढून चेपलेला दिसला, एमआरआयमध्ये खाली कंबरेत नसांची जागा अरुंद. तरुणपणापेक्षा उंची ४ सें.मी. हून जास्त कमी झाली असेल तर मणक्यांचा फोटो काढावा हे डॉक्टरांचं ठरलेलंच आहे म्हणे, फक्त त्यासाठी आधी कुणीतरी उंची मोजायला पाहिजे ना.

नंतर मी याच्यावर बरंच वाचलं. ब्रिटनमध्ये २४ गावांतल्या पुरुषांवर १९७८ ते ८० मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला, वीस वर्षांनी त्यातल्यांची परत उंची मोजली, तर ज्यांची ३ सें.मी. किंवा जास्त कमी झाली होती त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू जास्त दिसले. उंची घटल्यामुळेच झालं असं नाही, पण हाड आणि धमनी दोन्ही बिघडवणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा त्याच असतात, सिगरेट, बसून राहणं वगैरे. मुळातच बुटके असलेल्यांचंही संशोधन आहे, २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी जनुकांवरून काढलं की उंची साडेसहा सेंटीमीटर कमी असेल तर हृदयाच्या धमनीच्या आजाराचा धोका १३.५ टक्के वाढतो. हे वाचून माझा पाच फूट दोन इंचाचा मामा घाबरला, त्याला सांगितलं की मामा, बीपी, शुगर आणि तंबाखू यांच्यापुढे हे काहीच नाही, तुझा तंबाखू सोड. आणि उंच माणसं सुटलीत असंही नाही, हृदयाचे ठोके अनियमित होणं, पायाच्या शिरा फुगणं त्यांच्यात जास्त असतं.

तर पहिलं सेंटर ५ पैकी २, ते पण मशीन नवीन आणि रिपोर्ट वेळेत म्हणून. २२०० रुपये घेऊन अर्धा मिनिट स्टँडवर उभं करत नसतील तर मी परत जाणार नाही. दुसरं साडेचार, अर्धा पार्किंगचा कापला, तिथे १४०० लागले. तुमच्या घरी साठीच्या पुढचे कोणी असतील तर जाताना जुनी उंची लिहिलेला कागद शोधून न्या, आणि तिथे कोणी नुसतं तोंडी विचारलं तर मोजाच म्हणून सांगा, लाजू नका. घरी पण मोजता येते, अनवाणी भिंतीला टेकवून, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून पेन्सिलची खूण, मग स्टीलच्या टेपने मोजायचं. दरवेळी एकाच वेळेला मोजा, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटीमीटरभर खाली बसतो, अण्णा सकाळी १६६.२ होते आणि रात्री जेवणानंतर १६५.१.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर माझ्या लहानपणीच्या उंचीच्या खुणा अजून आहेत, अण्णांनीच केलेल्या. त्यांच्याच शेजारी आता त्यांची खूण केलीय, तारीख टाकून. पुढची दिवाळीला.