बार्बाडोस चेरीचं गुटी कलम : नागपूरच्या उन्हात खरंच फळ देते

अमरावती रोडकडच्या एका नर्सरीतून हे रोप घेतलं, गुटी कलम आहे (म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप), 350 रुपयांना पडलं, आणि मी याला 5 पैकी 4 स्टार देतो, एक काहून कापला ते खाली सांगतो.

पहिले एक गोष्ट क्लिअर करतो कारण घरी येणारा जो तो हेच विचारून राह्यला. डब्यात भरून येते ती काश्मीरची चेरी ही नाही. ते झाड नागपुरात जगलं तरी फळाचं नाव नाही. त्याला हिवाळ्यात साधारण 7 अंशाच्या खालची थंडी कित्येक शे तास लागते, काही जातींना तर हजाराच्या आसपास, तेव्हा कुठे डोळे नीट फुटून बहर येतो. आपल्याकडे 2018 च्या डिसेंबरात पारा 3.5 वर गेला होता, पण अशी थंडी चार रात्रींची, दुपारी परत ऊन आहेच, अन् मग मे मधले 45-46. वरून त्यातल्या बहुतेक जातींना फळ धरायला शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागते. आमच्या बाजूच्या काकूंना एका वेबसाइटने 'कुठल्याही हवामानात येणारी काश्मिरी चेरी' म्हणून 1,200 रुपयांत एक काडी पाठवली, एप्रिल संपायच्या आत वाळून गेली. काकू रोज सकाळी तिला पाणी घालायच्या हो, असं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

बार्बाडोस चेरीचं तसं नाही, ती गरम प्रदेशातलीच. गच्चीवर 18 इंची ग्रो बॅगमध्ये लावली आहे, मे मध्ये हिरवी नेट आणि सकाळ-संध्याकाळ पाणी एवढंच करतो. त्या महिन्यात फुलं गळतात, पण पहिला पाऊस पडला की गुलाबी फुलांचे झुबकेच्या झुबके लागतात अन् तीन-चार आठवड्यांत फळ लाल. वर्षातून एकदा नाही, पुन्हा पुन्हा बहर येतो, हे मला सगळ्यात आवडलं.

फळ हातात घेऊन पाहा, पूर्ण गोल नसते, तीन पुसट फाका दिसतात, साल इतकी पातळ की जरा दाबलं की रस बोटांवर, आत तीन बिया. चव आंबट जास्त, गोड कमी, पण पूर्ण लाल होऊ दिलं तर पोरं झाडाखालून हलत नाहीत. व्हिटॅमिन सी तर विचारूच नका, आपल्या संत्र्यात 100 ग्रॅमला 50 मिलिग्रॅमच्या आसपास असते, यात 1,000 च्या वर, आणि कच्च्या फळात तर अजून जास्त. तोडलं की दोन-तीन दिवसांत खराब होते म्हणून बाजारात दिसत नाही, घरीच लावावं लागते. बुलबुल आपल्या आधी उठतात एवढं ध्यानात ठेवा. आणि छाटणी करताना फुल बाह्यांचा शर्ट घाला, कोवळ्या पानांवर बारीक लव असते, खाज सुटते.

आता कापलेला स्टार. पिशवीत नुसती चिकट काळी माती ठासली होती, पाणी वरच थांबायचं, घरी आणल्यावर शेणखत, मुरूम आणि थोडी रेती मिसळून बदलावी लागली. आणि लेबलवर फक्त 'चेरी' लिहिलेलं. हे बरोबर नाही, कारण सिंगापूर चेरीही तशीच विकतात अन् तिचं मोठं झाड होते, कुंडीत मावत नाही.

घ्यायचं असेल तर जुलैमध्ये घ्या, बियांपासून केलेलं नको, त्याला फळ यायला वेळ लागतो अन् चवीचा भरवसा नाही. एखादं तरी फळ लागलेलं रोपच मागा, अन् पानांच्या खाली मिलीबग, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड दिसली तर तिथेच ठेवून दुसरं उचला.