समुद्री सापाची जात ठरवताना काय मोजावे: लांबी, खवले की मणके?

ठाणे किंवा नवी मुंबईतील महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा प्रकल्प करणारा विद्यार्थी समुद्री सापांकडे वळला, की हाती असतात दोन-तीन महिने आणि अल्कोहोलमध्ये जपलेले मोजके नमुने. त्यामुळे नेमके काय मोजायचे, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते. त्याआधी एक खात्री करून घ्यावी. खाडीच्या कांदळवनात दिसणारा श्वानमुखी पाणसाप हा समुद्री साप नव्हे. त्याची शेपटी गोलसर निमुळती असते, तर समुद्री सापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते.

सर्वांत सोपा मार्ग लांबी आणि घेर मोजण्याचा. मुस्कटाच्या टोकापासून अवस्करापर्यंतची (शेपटीच्या मुळाशी असलेल्या उत्सर्जन-छिद्रापर्यंतची) लांबी, शेपटी, मानेचा घेर आणि शरीराच्या सर्वांत जाड भागाचा घेर दोरा व मोजपट्टीने घेता येतो, डोक्यासाठी व्हर्नियर कॅलिपर पुरतो. मात्र ही मापे वयाबरोबर बदलतात, पोटात पिल्ले असलेल्या मादीचा घेर फुगतो आणि जपणुकीत शरीर आखडते. एकच नमुना मी सकाळी आणि दुपारी मोजला, तेव्हा लांबीत दीड सेंटिमीटरचा फरक आला. वळसे सरळ करताना हाताचा ताण तेवढा बदलला होता. मान आणि शरीर यांच्या घेरांचे गुणोत्तर मात्र कामाचे आहे. हायड्रोफिस ग्रॅसिलिस या समुद्री सापाचे डोके-मान अतिशय बारीक आणि मागचा भाग जाड असतो, आणि ही ठेवण गुणोत्तरात लगेच उमटते.

वेळ एकाच पद्धतीला देता येणार असेल, तर तो खवल्यांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साप वाढतो तसा खवला मोठा होतो, पण खवल्यांची संख्या जन्मतः ठरलेली असते, म्हणून पिल्लू आणि प्रौढ एकाच तक्त्यात बसतात. ब्रिटिश सरीसृपतज्ज्ञ मॅल्कम स्मिथ यांनी 1926 मध्ये समुद्री सापांची जी मांडणी केली, तिचा मोठा भार याच मोजणीवर होता. उदाहरणार्थ, पट्टेदार आणि लांब असल्याने एकमेकांसारख्या भासणाऱ्या दोन जाती घ्या: हायड्रोफिस स्पायरॅलिसमध्ये शरीराच्या जाड भागाभोवती खवल्यांच्या साधारण 33 ते 38 ओळी असतात, हायड्रोफिस सायनोसिंक्टसमध्ये 37 ते 47. मानेवरचे आकडे (25 ते 31 आणि 27 ते 35) मात्र एकमेकांत बरेच मिसळतात, त्यामुळे केवळ मान मोजून निर्णय देऊ नये. डोक्यावरच्या ढालींची (मोठ्या, सपाट खवल्यांची) रचनाही पाहावी.

मोजताना टिपकागदाने पृष्ठभाग कोरडा करून दिव्याचा प्रकाश बाजूने पाडला, की खवल्यांच्या कडा उठून दिसतात. दर दहाव्या खवल्याशी टाचणी लावावी, नाहीतर तीसच्या पुढे नजर हमखास ओळ सोडते. मानेवर सर्वांत कमी आणि शरीरावर सर्वांत जास्त संख्या नोंदवावी, आणि दुसऱ्या दिवशी आधीचा आकडा न पाहता पुन्हा मोजावे.

पोटाखालच्या खवल्यांपाशी ही पद्धत अडखळते. जमिनीवरच्या बहुतेक सापांत पोटाचा एक खवला म्हणजे एक मणका, पण हायड्रोफिस कर्टससारख्या जातींत हे खवले इतके लहान आणि तुटक होतात की ती जुळणी भरवशाची राहत नाही. अशा वेळी एक्स-रेवरून मणके मोजणे अधिक नेमके ठरते. अर्थात त्यासाठी यंत्र हवे, आणि लहान प्रकल्पात ते दोन-चार शंकास्पद नमुन्यांपुरतेच वापरावे.

तिन्ही पद्धतींची एक मर्यादा चोचीसारख्या तोंडाच्या सापाने दाखवून दिली. आशियाई किनाऱ्यांवरचा हायड्रोफिस शिस्टोसस आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा तसाच दिसणारा साप एकच मानले जात होते. 2013 च्या सुमारास डीएनए तपासणीतून कळले की ते एकमेकांचे निकटचे नातलगही नाहीत आणि सारखेपणा स्वतंत्रपणे उद्भवला आहे. म्हणून परवानगीने ताजा मृत नमुना मिळाला, तर फॉर्मॅलिन (नमुने जपण्याचे रसायन) वापरण्यापूर्वी यकृताचा लहान तुकडा तीव्र इथेनॉलमध्ये वेगळा ठेवावा, कारण फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो. मृत सापाच्या दातांतही विष असते, तेव्हा तोंड चिमट्यानेच उघडावे.