बॅन्फचा स्की इन्स्ट्रक्टर कोर्स: पैसे कशाचे गेले आणि कामाला काय आलं

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. कॅनडातल्या बॅन्फला जाऊन स्की इन्स्ट्रक्टरची पहिली पायरी, म्हणजे लेव्हल वन, करणं पैसे वसूल आहे. पण त्याच्याभोवती कंपन्या जे काही आठवड्यांचं पॅकेज विकतात, ते भारतीय पासपोर्टवाल्याला निम्मंच उपयोगी पडतं. उरलेल्या निम्म्याचे पैसे आपण कशासाठी भरतोय, हे कंपनी आपणहून सांगत नाही.

मी कोल्हापुरात पोहायला शिकवते. मे महिन्यात पोरांच्या बॅचेस, एरवी चाळिशीपुढच्या बायका. स्कीइंग गुलमर्गला शिकले आणि मग दर हिवाळ्यात ओळखीतल्या पोरांना घेऊन तिकडे जायला लागले. त्यामुळे मला नोकरी नको होती. बर्फावर शिकवायचं कसं, हे नीट शिकायचं होतं. धाकटा भाऊ कॅलगरीत असतो म्हणून बॅन्फ निवडलं. नाहीतर न्यूझीलंडचे आणि जपानचे कोर्सही पाहिले होते.

आधी एक घोळ सोडवू. पॅकेज विकणारी कंपनी वेगळी, प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी. कॅनडात स्कीसाठी ही संस्था म्हणजे कॅनेडियन स्की इन्स्ट्रक्टर्स अलायन्स, स्थापना १९३८. तिकडे सगळे तिला सीएसआयए असंच म्हणतात. स्नोबोर्डवाल्यांची कासी ही निराळी. दोन्हींकडे चार पायऱ्या. पहिलीवर नवशिक्यांना शिकवता येतं, आणि चौथीपर्यंत पोचायला लोकांची वर्षंच्या वर्षं जातात. लेव्हल वनचा कोर्स स्वतः जेमतेम काही दिवसांचा. संस्थेच्या साइटवर कुणीही थेट नाव नोंदवू शकतं आणि फी काहीशे डॉलर. माझ्या पॅकेजची रक्कम काही लाख रुपये होती. मधला फरक म्हणजे राहणं, लिफ्टचा पास, बस आणि कोर्सच्या आधीचं काही आठवड्यांचं कोचिंग. यातलं कोचिंग आणि पास या दोनच गोष्टी मला परत विकत घ्यायला आवडतील.

कोचिंग खरंच अव्वल. आमची कोच क्यूबेकची, कमी बोलणारी. तिने पहिल्याच सकाळी मला एका वाक्यात ओळखलं: तू मागे बसतेस. गुलमर्गच्या खोल भुसभुशीत बर्फात माझं वजन टाचांवर जायला लागलं होतं आणि ती सवय अंगात मुरली होती. तिने बुटांची सगळी बकलं मोकळी करायला लावली आणि तसंच खाली यायला सांगितलं. मोकळ्या बुटात मागे झुकलं की आधाराला काहीच नसतं, सरळ बूड टेकतं. दोन फेऱ्यांत नडगी आपोआप बुटाच्या जिभेला टेकायला लागली. मग आतली स्की उचलून वळणं, मग काठ्या आडव्या धरून वळणं. सोबत व्हिडिओ. संध्याकाळी स्वतःचं स्कीइंग पडद्यावर पाहणं फार वाईट असतं. आपल्याला वाटतं आपण झुळझुळ उतरलो, आणि दिसतं ते एक आखडलेलं माणूस, जिना उतरताना कठडा शोधणारं.

बॅन्फजवळ स्कीइंगच्या जागा तीन: नॉर्क्वे, सनशाइन आणि लेक लुईस. नॉर्क्वे गावाला खेटून. तिथे सगळ्या इयत्तांच्या शाळकरी पोरांची गर्दी, म्हणून शिकवण्याच्या सरावाला उत्तम. सनशाइनला खालच्या पार्किंगपासून गोंडोल्याने वर जायचं. वर एक लिफ्ट अशी आहे की निघता अल्बर्टात आणि थोड्याच वेळात ब्रिटिश कोलंबियाची हद्द लागते, कारण खंडाचा जलविभाजक, म्हणजे नद्यांचं पाणी दोन बाजूंना वाटणारी डोंगरधार, तिथूनच जातो आणि तीच दोन प्रांतांची हद्द. लेक लुईस लांब, पण सगळ्यात मोठं आणि देखणं. तिन्हींचा एकत्र पास असला की बसचे पैसे नाहीत.

आता मुख्य गोष्ट, लेव्हल वन.

लोकांना वाटतं ही स्कीइंगची परीक्षा आहे. स्कीइंग पाहतात, नाही असं नाही: निळ्या पाटीच्या, म्हणजे मध्यम अवघड, उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून, वेग आवरून, सफाईने वळणं घेता यायला हवीत. पण कोर्सचा जीव शिकवण्यात आहे. प्रत्येकाने बाकीच्या गटाला शिकवायचं, आणि गटाने विद्यार्थ्यांचं सोंग घ्यायचं. आमच्यात ओंटारिओचे एक निवृत्त गृहस्थ होते. शनिवार-रविवार नातवंडांच्या वयाच्या पोरांना शिकवायचं म्हणून आलेले. घाबरलेल्या पाहुण्याचं काम त्यांनी इतकं चोख केलं की त्यांना शिकवणाऱ्या ब्रिटिश पोराला घाम फुटला. बारावीनंतर वर्षभर मोकळी सुटलेली ही पोरं माझ्यापेक्षा दसपट चांगलं स्की करतात. शिकवायला उभी राहिली की मात्र व्याख्यानच सुरू! समोरचा थंडीने काकडतोय याची त्यांना गंधवार्ता नसते. इथे मला माझ्या तलावाचा फायदा झाला. भीती कुठे बसलीय ते मला चेहऱ्यावर दिसतं.

तरी माझी मोठी अडचणही तलावातलीच. पाण्यात मी माणसाला धरते. हनुवटीखाली हात, पोटाखाली हात, आणि सोडलंय हे त्याला कळू न देता सोडते. उतारावर मोठ्या माणसाला असं धरता येत नाही. धरायला गेलात तर दोघंही खाली. मग आधार द्यायचा कसा? याचं तिथलं उत्तर मला फार आवडलं: आधार जमिनीचा द्यायचा. पहिला उतार असा निवडायचा की खाली सपाटी आणि तिच्यापुढे जरासा चढ असेल. मग ब्रेक लावता आला नाही तरी माणूस आपोआप थांबतो. थांबणार हे एकदा अंगाला पटलं की खांदे खाली येतात, आणि मग काहीही शिकवा. आधी नुसत्या बुटांवर चालायचं, मग एकाच पायात स्की घालून घसटत जायचं, मग दोन्ही, मग सरळ घसरगुंडी, आणि त्यानंतर कुठे टोकं जवळ आणि टाचा लांब असा स्नोप्लाऊ. पोरांना त्याला पिझ्झाचा तुकडा सांगतात, आणि हे इचलकरंजीच्या पोरालाही लगेच कळतं.

स्नोप्लाऊ, मग अर्धवट समांतर, मग पूर्ण समांतर, ही पायऱ्यांची शिडी मुळात ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गची. हानेस श्नायडरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बसवली आणि जगभरच्या स्की शाळा त्याच शिडीवरून चढल्या. कॅनडावाल्यांनी ती आखूड केलीय. विद्यार्थी स्नोप्लाऊत फार दिवस रमू नये, लवकरात लवकर समांतर वळणावर यावा, यावर त्यांचा भर. गुलमर्गला मी नवशिक्यांना दिवसचे दिवस स्नोप्लाऊत अडकलेले पाहिलंय. मांड्या पेटतात आणि माणूस वैतागून सोडून देतो. म्हणून हा भाग मी वहीत शब्दन्‌शब्द उतरवून घेतला.

वर्ग हाताळण्याच्या बारीकसारीक गोष्टीही आहेत. गट थांबवायचा तो कडेला, आणि वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. उंचवट्याच्या मागे कधीच नाही. नंतर येणाऱ्याने आधीच्यांच्या खाली जाऊन थांबायचं, म्हणजे घसरला तरी रांगेवर आदळत नाही. पोरांची तोंडं सूर्याकडे नकोत आणि मजेदार लिफ्टकडेही नकोत, नाहीतर तुमच्याकडे कोण बघणार. शेवटच्या नंबरला अशक्त पोरगं नको, भरवशाचं ठेवायचं. हे वाचायला किरकोळ वाटतं. गुलमर्गला दहा पोरं सांभाळून पाहा, मग कळेल.

इंग्रजीची काळजी करू नका. माझं इंग्रजी कोल्हापूरच्या गंगावेशीतलं आहे. लहान वाक्यं, एका वेळी एकच सूचना, आणि बोलण्यापेक्षा करून दाखवणं, हेच तर तिथे सगळ्यांना शिकवतात. जास्त इंग्रजी येणारेच तिथे जास्त अडकले.

आता कंपनीबद्दल. नाव देत नाही, कारण अशा चार कंपन्यांची पत्रकं शेजारी ठेवली तर फोटो सोडून फार फरक दिसत नाही. राहण्याची जागा पत्रकात लॉज होती, प्रत्यक्षात बंक बेडची घरं. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात वसलंय, गावात राहायचं तर तिथे कामधंदा असावा लागतो असा नियम आहे आणि घरं मोजकी, त्यामुळे दाटी समजू शकते. एकविशीच्या आतल्या पोरांबरोबर एकच स्वयंपाकघर मात्र समजून घेता येत नाही. रोज रात्री पास्त्याचं चिकट पातेलं. सुट्टीला मी भावाकडे कॅलगरीला पळायचे. दीडेक तासाचा रस्ता, आणि वहिनीच्या हातची भाकरी. एकदा तिथे असताना चिनूक सुटला. रॉकीजवरून उतरणारं हे कोरडं गरम वारं काही तासांत पारा वीस-वीस अंशांनी वर नेतं. सकाळी गोठलेलं अंगण संध्याकाळी ठिबकत होतं.

खरी तक्रार वेगळीच. पत्रकात ठळक अक्षरांत ‘कोर्सनंतर नोकरीच्या मुलाखती’ असं लिहिलं होतं. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन पोरांना ते खरं आहे. त्यांच्या देशांचे कॅनडाशी करार आहेत, वर्किंग हॉलिडेचा परवाना मिळतो, डिसेंबरात कोर्स आणि जानेवारीत पगार. भारत त्या यादीत नाही. आपण व्हिजिटर व्हिसावर जातो. सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला वेगळा स्टडी परमिट लागत नाही, ही सोय चांगलीच, पण काम करता येत नाही. मी पैसे भरण्याआधी ईमेलने सरळ विचारलं होतं, तर उत्तर आलं की ‘अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना संधी मिळतात’. अशा उत्तराचा अर्थ नाही असाच घ्यायचा.

कामच करायचं असेल आणि वय तिशीच्या आत असेल तर ऑस्ट्रेलियाकडे बघा. २०२४ पासून भारतीयांसाठी त्यांचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास ४६२, सुरू झालाय. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, आणि त्या सोडतीने. थ्रेडबो, पेरिशर, फॉल्स क्रीक या तिथल्या स्कीइंगच्या जागी जून ते सप्टेंबर हिवाळा असतो. सोडतीत नाव निघालं तर लेव्हल वनचा कागद हातात असणं मोलाचं. नाही निघालं तर नाही. त्या भरवशावर कर्ज मात्र काढू नका.

भारतात या कागदाला बाजारभाव फारसा नाही. आणि एक बोलूनच टाकते: गुलमर्गची जी पोरं लहानपणापासून लाकडी फळ्यांवर उतारांवर वाढली, ती आमच्या बॅचमधल्या निम्म्यांना सहज मागे टाकतील. त्यांच्याकडे हा कागद नाही, कारण तो घ्यायला लाखो रुपये आणि व्हिसा लागतो. मी तिथे जाऊन त्यांच्या पोटावर पाय देणार नाही. पोरं माझी, शिक्षक तिथले, आणि मी मधला दुवा, असंच चालू राहील.

पॅकेजमध्ये एक गोष्ट अशी होती जिची मी अपेक्षाच केली नव्हती: हिमस्खलनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, एएसटी वन. ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं सिग्नलचं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) वापरून पुरलेला माणूस शोधणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जायचंच नाही हे ठरवणं. बर्फाचा उभा छेद घेऊन त्यातले थर दाखवले, तेव्हा वर घट्ट आणि खाली साखरेसारखा सुटा बर्फ बोटांना लागला. गुलमर्गच्या अफरवात डोंगराच्या मागच्या उतारांवर माणसं गेलीत ती उगाच नाही. हे प्रशिक्षण सुटंही घेता येतं. गुलमर्गला गोंडोल्याच्या वरच्या टप्प्यावरून बाहेरच्या बर्फात उतरणाऱ्या प्रत्येकाने इन्स्ट्रक्टर कोर्स नको, पण एवढं करावंच.

मग घ्यायचं काय? माझ्यासारखी गरज असेल तर पॅकेज मोडून घ्या. स्कीइंग आधी गुलमर्गला किंवा औलीला पक्कं करा, निळ्या उतारावर डगमगायला होणार नाही इतकं. मग बॅन्फला दोनेक आठवडे, पास, थोडं खासगी कोचिंग, आणि लेव्हल वन थेट संस्थेकडे. नातेवाईक असतील तर लाजू नका, त्यांच्याकडे उतरा. विम्याची पॉलिसी वाचा. आपल्याकडच्या साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुतेकदा धरलेलं नसतं, वेगळं घ्यावं लागतं. स्की भाड्याच्या चालतील. बूट मात्र तिथल्या बूटफिटरकडून स्वतःचे घ्या, पायाच्या मापाने तापवून बसवून देतात. भाड्याच्या बुटात माझ्या अंगठ्यांची नखं काळी झाली ती मे महिन्याच्या बॅचपर्यंत तशीच होती.

आणि मार्चमध्ये जा. दिवस मोठा, बर्फ भरपूर, सनशाइन तर मे महिन्यापर्यंत चालू असतं. जानेवारीत उणे पंचवीसला लिफ्टवर बसून पापण्या गोठवून घ्यायची हौस ब्रिटिश पोरांना आहे, ती त्यांनाच लखलाभ.