घडीची सायकल आणि मेट्रो: कर्वेनगर ते खराडी, चौदा महिन्यांनंतर

कर्वेनगरातल्या माझ्या घरापासून नळ स्टॉपचे मेट्रो स्थानक पावणेतीन किलोमीटरवर आहे आणि रामवाडी स्थानकापासून खराडीतले कार्यालय सव्वाचार किलोमीटरवर. मार्च 2024 मध्ये रुबी हॉलपासून रामवाडीपर्यंतचा टप्पा सुरू होऊन वनाझ ते रामवाडी ही मार्गिका पूर्ण झाली, तेव्हा मधल्या प्रवासाचा प्रश्न सुटला. नळ स्टॉपला चढून रामवाडीला उतरेपर्यंत अर्धा तासही लागत नाही. राहिली ती दोन्ही टोके. सकाळच्या वेळी इतक्या जवळच्या भाड्याला रिक्षावाले राजी नसतात, स्कूटरने जावे तर नळ स्टॉपच्या गल्ल्यांत ती लावायला जागा शोधण्यात मेट्रोने वाचवलेला वेळ निघून जातो, आणि एवढे करून रामवाडीला उतरल्यावर आपण पुन्हा पायीच असतो. यावर उपाय म्हणून मी 24 हजार रुपयांना घडीची सायकल घेतली आणि भर पावसाचे दिवस सोडले तर आठवड्यातून चार दिवस, अशी चौदा महिने वापरली. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे कंपनीचे नाव लिहीत नाही. 20 इंची चाकांच्या, सहा गिअरच्या आणि मधोमध दुमडणाऱ्या या किमतीच्या बहुतेक सायकलींची ठेवण सारखीच असते.

पुणे मेट्रोत साधी, न दुमडणारी सायकलही नेता येते. मग घडीच्या सायकलीसाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे, असे मला घरातच विचारले गेले. त्याचे उत्तर गर्दीत आहे. सकाळी साडेनऊच्या सुमारास सिव्हिल कोर्टला दुसऱ्या मार्गिकेवरचे प्रवासी येऊन मिळतात, तेव्हा तीन डब्यांच्या गाडीत पावणेदोन मीटर लांबीची सायकल आडवी धरून उभे राहायला नियमाची परवानगी असली, तरी आपल्यालाच तोंड नसते. माझी सायकल घडी करून टेपने मोजली, तेव्हा ती 80 सेंटिमीटर लांब, 65 उंच आणि 40 रुंद भरली. एवढे बोचके दाराजवळच्या कोपऱ्यात गुडघ्याला टेकवून उभे करता येते आणि कार्यालयात टेबलाखाली सरकवता येते. म्हणूनच या सायकलीची पारख मी वाहन म्हणून कमी आणि सामान म्हणून जास्त करतो. रोजच्या सव्वा तासात मी तिच्यावर पस्तीस मिनिटे बसतो आणि चाळीस मिनिटे तिला सांभाळतो, आणि तिचे गुणदोष या दुसऱ्या भागातच अधिक कळतात.

घडी घालण्याचा क्रम ठरलेला आहे. सीटची दांडी खाली घ्यायची, पेडल आत दुमडायचे, मधल्या बिजागरीचा खटका उघडून पुढचे चाक मागच्या चाकाशेजारी आणायचे आणि सर्वांत शेवटी हँडल खाली पाडायचे. पहिल्या दिवशी नळ स्टॉपच्या जिन्याखाली मी हँडल आधी पाडले, ते लोंबकळत राहिले आणि चाक फिरवताना नेमके नडगीवर बसले. शेजारच्या टपरीवर चहा घेत उभे असलेले एक आजोबा म्हणाले, “अहो, आधी मधलं मोडा, मग मान.” माहितीपुस्तिकेतल्या सहा आकृत्यांपेक्षा ते वाक्य माझ्या अधिक उपयोगी पडले. पहिल्या आठवड्यात तीन मिनिटे लागत. आता अर्ध्या मिनिटात काम होते. कंपनीने जाहिरातीत सांगितलेली पंधरा सेकंदांची वेळ मात्र मला एकदाही गाठता आलेली नाही.

वजनाबाबत खरेदी करतानाच सावध असायला हवे होते. आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर मडगार्ड आणि कॅरिअरसह सायकल 14 किलो 300 ग्रॅम भरली. आकडा वाचताना फारसा वाटत नाही, पण एका हाताने, अंगापासून जरा दूर धरून, दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग असताना जिना चढू लागले की दुसऱ्या वळणावर मनगट बोलू लागते. स्थानकांवर लिफ्ट आहेत, परंतु सकाळी तिथे ज्येष्ठ नागरिक आणि लेकुरवाळ्या बायका उभ्या असताना धडधाकट माणसाने सायकल घेऊन आत शिरणे मला जमत नाही. आठवड्यातून एकदा मला स्वारगेटला जावे लागते, त्या दिवशी खरी परीक्षा असते. सिव्हिल कोर्टला आपली मार्गिका रस्त्याच्या वर आणि स्वारगेटची मार्गिका जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर, त्यामुळे एका सरकत्या जिन्यावरून दुसऱ्यावर असे उतरतच राहावे लागते, आणि प्रत्येक वेळी घडी पायरीवर नीट बसली आहे की नाही हे पाहावे लागते.

उचलायला जड असली तरी ढकलत नेता येईल, अशी माझी अटकळ होती. तीही अर्धीच खरी ठरली. दोन्ही चाके एकमेकांना धरून ठेवण्यासाठी लावलेले चुंबक इतके दुबळे आहे, की फरशीच्या सांध्यावरून जाताना घडी आपोआप उघडते आणि पुढचे चाक भलत्याच दिशेला निघते. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी कापून घेतली आणि ती दोन्ही रिमांभोवती अडकवली, तेव्हापासून हा त्रास संपला. फुकटात मिळालेली ही पट्टी हा माझ्या सायकलीचा सर्वांत भरवशाचा भाग आहे.

दुसरी अडचण चेनची. मधोमध दुमडणाऱ्या माझ्या सायकलीत घडी झाल्यावर चेन बाहेरच्या बाजूला राहते, आणि तेल घातलेली चेन गर्दीत कोणाच्या तरी कपड्यांना लागणारच. बंड गार्डनच्या आसपास एका गृहस्थांच्या फिकट पँटवर उमटलेली काळी रेघ मी पाहिली. त्यांनी काही म्हणण्याआधीच मी क्षमा मागितली आणि त्याच संध्याकाळी दर्जीकाकांकडे गेलो. त्यांनी छत्रीच्या कापडाची, खाली नाडी असलेली खोळ 350 रुपयांत शिवून दिली. या खोळीचा एक अनपेक्षित फायदा असा, की सायकल झाकली की लोकांच्या लेखी ती सायकल राहत नाही. तपासणीच्या ठिकाणी होणारी विचारपूसही एकदम कमी झाली.

लंडनमध्ये तयार होणाऱ्या ब्रॉम्प्टन सायकलीत या दोन्ही अडचणी मुळातच सोडवलेल्या आहेत. अँड्र्यू रिची यांनी 1970 च्या दशकात तिची रचना केली. मागचे चाक फ्रेमच्या खाली वळते, चेन दोन चाकांच्या मध्ये झाकली जाते आणि घडी आपल्या छोट्या चाकांवर उभी राहते. मात्र तिच्या किमतीत माझ्यासारख्या कितीतरी सायकली येतील, आणि तिच्या 16 इंची चाकांचे टायर आपल्याकडच्या मुलांच्या 16 इंची सायकलींचे नव्हेत: ब्रॉम्प्टनच्या रिमचे माप 349 मिलिमीटर, तर मुलांच्या सायकलीचे 305. टायर फाटला तर चंदननगरचा पंक्चरवाला काहीही करू शकणार नाही. माझ्या सायकलीच्या टायरवर 406 हा आकडा आहे आणि मुलांच्या 20 इंची रुंद टायरच्या सायकलींचे मापही सहसा हेच असते, म्हणून ट्यूब कुठल्याही गल्लीत मिळते. 20 इंचांतही 451 चे वेगळे, निमुळते माप आहे. ते दिसायला चपळ असले तरी रोजच्या वापरासाठी घेऊ नये, असे माझे मत आहे.

आता चालवण्याविषयी. लहान चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा खोल उतरते आणि ड्रेनेजच्या झाकणाची कड थेट मनगटापर्यंत पोहोचवते. नगर रस्त्यावर हा अनुभव मुबलक मिळतो. हँडलही चंचल आहे, त्यामुळे उजवीकडे वळताना हात दाखवण्यासाठी एक हात सोडला की सायकल डगमगते. पुढचे दात्यांचे चाक मोठे ठेवलेले असल्याने वेग फारसा कमी पडत नाही, आणि सिग्नल सुटल्यावर ही सायकल साध्या सायकलीपेक्षा चटकन उचलते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. चार-पाच किलोमीटरपर्यंत ती आनंदाने चालवावी. त्यापुढे कंबर हिशेब मागते.

पाचव्या महिन्यात मधल्या बिजागरीतून कुरकुर येऊ लागली. हँडल पुढेमागे हलवले की फ्रेम सांध्यात किंचित हलत असल्याचे हाताला कळत होते. जिथून सायकल घेतली त्या दुकानात नेली, तर तिथल्या मुलाने एक फेरी मारून “घडीच्या सायकलीत एवढं असतंच” असे सांगून परत पाठवले. ते खरे नाही. कर्वेनगरातल्या जुन्या सायकलवाल्याने खटक्याचा नट षटकोनी पान्याने पाऊण फेरा आवळला, खटका बंद करायला आता तळहाताचा जोर लागतो ना एवढे पाहिले आणि वीस रुपये घेतले. खटका दोन बोटांनी बंद होत असेल तर सायकल चालवू नये, हा त्यांचा निकष मी तेव्हापासून दर महिन्याला लावतो. फ्रेमचा सगळा भार या एका सांध्यावर असतो, आणि विकणाऱ्यालाच त्याची पर्वा नसावी याचा मला अजूनही राग आहे.

पावसाळ्यात ही व्यवस्था मोडते. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात, निथळणारी सायकल डब्यात नेणे सहप्रवाशांवर अन्याय आहे, आणि खोळ पाणी आतल्या आत धरून ठेवत असल्याने एका जुलैत चेनवर तांबूस गंज चढला. शहर बसमध्ये गर्दीच्या वेळी तिला नेण्याचा विचार मी एकदा पायऱ्यांकडे पाहूनच सोडून दिला.

चौदा महिन्यांत दोन ट्यूब, ब्रेकचे रबर, खोळ आणि किरकोळ दुरुस्ती मिळून 1,600 रुपये गेले. ज्यांचे घर आणि कार्यालय दोन्ही स्थानकांपासून दीड ते पाच किलोमीटरवर आहेत आणि ज्यांना कार्यालयात सायकल आत नेऊ देतात, त्यांना मी ही सायकल सुचवीन. एकच टोक लांब असेल तर साधी सायकल आणि चांगले कुलूप पुरे. घ्यायचीच असेल, तर दुकानासमोर फेरी मारण्याआधी तिची घडी घालावी, नेहमीची बॅग खांद्याला लावावी आणि ती उचलून जवळच्या इमारतीचे दोन मजले चढावेत. दुकानदार विचित्र नजरेने पाहील. त्याला पाहू द्यावे.