ॲल्युमिनियम जोडायच्या बिनफ्लक्सच्या रॉड: काम करतात, पण व्हिडिओत दाखवतात तसं नाही

व्हिडिओत काय, टॉर्च फिरवला, रॉड टेकवली, लोण्यासारखी पसरली, झालं काम. तेच बघून मी पण ह्या जस्तवाल्या, फ्लक्स (जोड साफ करणारं रसायन) न लागणाऱ्या रॉड मागवल्या आणि पहिल्याच संध्याकाळी अर्धं पाकीट फुकट घालवलं. रॉड वितळायची पण चिकटेचना, पाऱ्यासारखे गोळे होऊन टेबलावर घरंगळायचे. माल डुप्लिकेट आहे म्हणून एक स्टारचा रिव्ह्यू टाईप करूनही झाला होता, बरं झालं पाठवला नाही.

चूक अर्धी माझी, अर्धी पाकिटावरच्या दोन ओळींच्या सूचनांची. ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा पापुद्रा कायम असतो, तो वितळायला २००० डिग्रीच्या वर लागतात आणि खालचं ॲल्युमिनियम ६६० लाच पाणी होतं, त्यामुळे टॉर्चने पापुद्रा जाळू हे डोक्यातून काढा, तो खरवडायलाच लागतो. आधी घासलं की झालं असंही नाही, हवा लागली की लगेच परत तयार. म्हणून आधी स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं (लोखंड घासलेला ब्रश नको) आणि रॉड वितळली की त्या ओल्या थेंबाच्या खालीच स्टेनलेसच्या तारेने खरडायचं. दोन-चार रेघा मारल्या की गोळा एकदम बसतो आणि चकचकीत होऊन पसरतो, पहिल्यांदा झालं तेव्हा मी एकटाच जोरात ओरडलो.

दुसरी गंमत म्हणजे ज्वाळा रॉडला नाही, जॉबला (जोडायच्या तुकड्याला) द्यायची. रॉड ३८०-३९० च्या आसपास वितळते, तेव्हा ज्वाळा बाजूला करून अधूनमधून रॉड टेकवून बघायची, तीच आपली थर्मामीटर. कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन सांगत नाही, दिसायला अगदी गार आणि अचानक कोपरा खाली बसतो, माझा एक ब्रॅकेट असाच गेला. जॉब व्हाइसमध्ये पकडू नका, सगळी उष्णता व्हाइसच ओढून घेतो, खाली फायरब्रिक (भट्टीची वीट) ठेवा.

आता पाकिटावर ब्रेझिंग लिहिलंय पण ४५० च्या खाली जोडलं तर त्याला सोल्डरिंग म्हणतात, म्हणजे नावातच थोडी फेकाफेक. खरं ब्रेझिंग करायचं तर १२ टक्के सिलिकॉनवाली रॉड, ती ५८० च्या आसपास वितळते, फ्लक्स हवाच आणि त्याचा धूर वाईट, दारं-खिडक्या उघड्या ठेवूनच करायचं. तिथे जॉब ६०६१ सारख्या ॲल्युमिनियमच्या अलॉयचा असेल तर तो स्वतःच ५८२ ला वितळायला लागतो, नवख्याने कुठे थांबायचं ते कळणारच नाही. शिकायला म्हणून ह्या जस्तवाल्याच बऱ्या, चूक झाली तरी जॉब वाचायला थोडी जागा असते.

डबे, ब्रॅकेट, फाटलेली पातळ फिन, ह्याला मस्त. सायकलच्या फ्रेमला किंवा एक्झॉस्टजवळ मात्र अजिबात नको.

चार स्टार. पाचवा कापला कारण पाकिटात दहा रॉड देतात आणि ज्याच्यावाचून सगळं अडतं ती एक वीतभर तार देत नाहीत.